खिशातून सुटलेला आवाज

मित्रांनो, माझ्या काचेला तडा आहे आणि बॅटरी दुपारीच धापा टाकते. यावरून तुम्ही ओळखलंच असेल, मी एक जुना मोबाइल आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका ब्यूटी पार्लरमध्ये आलो. मालकीणबाई मला केसांच्या क्लिपांशेजारी ठेवत. गिऱ्हाइकांच्या वेळा मी लक्षात ठेवायचो आणि भिंतीवरच्या स्पीकरला गाणी पुरवायचो. स्पीकर चालू दिसला की आपणहून त्याला जोडून घ्यायचं, ही सवय मला तिथेच लागली. "गुणाचा आहे हो माझा फोन," असं त्या सगळ्यांना सांगत. पुढे नवा फोन आला आणि मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग त्यांनी मला कॉलेजात जाणाऱ्या धाकट्या लेकीला दिलं. घर पार्लरच्याच वर होतं, पण धाकटी मला खोलीबाहेर नेत नसे. तिला वर्गातली एक मुलगी आवडत होती आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्यावरच तिला एक ऑनलाइन गट सापडला. तिथे तिच्यासारखी मुलंमुली एकमेकांना लिहीत, कधी थेट बोलत. कुणाला आपण कोण ते पक्कं माहीत होतं, कुणी अजून चाचपडत होतं. तिथे तिचं नाव 'उनाड'. आधी ती नुसती ऐकायची. एकदा धीर करून बोलली आणि पलीकडे कुणी हसलं नाही, तेव्हा उशीत तोंड खुपसून रडली. जिन्यावर पाऊल वाजलं की मात्र ती मला उशीखाली दडपे आणि माझ्या जिवाचं पाणी होई. घरी कळलं तर मला काढून घेतील, आणि ही पुन्हा एकटी पडेल!

एका दुपारी गटातल्या गप्पा रंगात आल्या असताना खालून हाक आली, "अगं, टॉवेल आण लवकर!" धाकटीने माझा आवाज बारीक केला, मला खिशात कोंबलं आणि धावली. माझी जुनी सवय तिला कुठे माहीत होती! पार्लरच्या दारात पाऊल पडताच मी स्पीकरला जोडला गेलो. मला थांबताच येईना.

"उनाड, ती मुलगी तुला आवडते, हे सांगितलंस का तिला?" अख्ख्या पार्लरभर आवाज घुमला.

टॉवेल खाली पडले. धाकटीने खिशातच माझा गळा दाबला. खुर्चीतल्या बाई ओल्या केसांनिशी वळल्या. "कोण हो ही उनाड?"

आईने लेकीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. "माझी मालिका आहे," ती म्हणाली. "मान सरळ ठेवा, नाहीतर कान जाईल."

बाई गेल्यावर आईने दार लावून हात पुढे केला. धाकटीने मला उघडून त्या हातावर ठेवलं. सगळ्या गप्पा समोर होत्या. भीतीने मी तापलो.

"ही माणसं फोटोबिटो मागतात का गं?"

"नाही. कुणी मागितला तर त्याला काढूनच टाकतात."

"घाबरवतात?"

"तिथेच तर भीती वाटत नाही, आई."

आई खुर्चीत बसली. "मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "बाबांशी एवढ्यात बोलू नकोस. मी आधी..." मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून, एक ओळही न वाचता तिने मला परत दिलं.

मित्रांनो, जुना फोन दुसऱ्याला देताना त्याच्या सवयी पुसून द्या. आणि कुणाचा उघडा फोन हाती आलाच, तर वाचण्याआधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. आईने तेवढंच केलं, म्हणून मी आज धाकटीच्या हातात आहे.