गिझरवरच्या हरकती

नोएडाच्या थंडीत नळाचं पाणी हाताला चावतं. डिसेंबर लागला की कुमुदिनीबाईंची बोटं सुजत आणि साधा कप विसळतानाही तोंडून "आई गं" निघे. गुडगावला राहणारा मुलगा यशोधन दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावी: आई, तो फ्लॅट भाड्याने द्या आणि दोघं इकडे या, आमच्या सिंकलाही गरम पाणी आहे, यार.

बाईंना जायचं नव्हतं. नवऱ्याच्या, मुरलीधररावांच्या, मंत्रालयातल्या नोकरीपायी सगळा संसार दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. तिथे खिळा ठोकतानाही भिंत आपली नाही हे मनात असे. नोएडाचा हा फ्लॅट मात्र स्वतःचा होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, सिंकवर छोटा गिझर बसवायचा, म्हणजे हातही वाचतील आणि घरही.

मुरलीधरराव नाही म्हणाले नाहीत. तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या खात्यात बसतच नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "अर्थिंगचं काय?"

प्रश्न बरोबर होता. विष्णू इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं, तर तिसरं भोक नुसतं शोभेचं. मागे अर्थिंगची तारच नव्हती. बिल्डरने ती गिळली होती. विष्णूने खालच्या मुख्य बोर्डापासून नवी तार ओढली, बल्ब लावून अर्थिंग पोहोचल्याचं दाखवलं आणि रावांना नमस्कार करून गेला.

मग रावांना ओल्या हातांची काळजी पडली. म्हणून स्विच सिंकपासून लांब, दाराशी गेला. पुढे त्यांना गळतीची शंका आली, तेव्हा वीज गळताच आपोआप बंद पडणारा स्विच बोर्डात बसला. गच्चीवरच्या टाकीचा दाब जास्त झाला तर? त्यासाठी जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणला. आणि गिझरमध्ये पाणीच नसताना कुणी बटण दाबलं तर? विष्णूने हात जोडले. आधी नळाला धार येऊ द्यायची आणि मगच बटण दाबायचं, असं समजावून झाल्यावर त्याने विचारलं, "बाबूजी, गीझर लगवाना है कि नहीं?"

कुमुदिनीबाई भाजी निवडता निवडता थांबल्या.

क्वार्टरमध्ये असताना जेवताना राव मोठ्या चवीने ऑफिसच्या गमती सांगत. साहेबाला प्रस्ताव नको असला तर नकार द्यायचा नसतो, ते सांगत, एकेक खुलासा मागत राहायचं. फाईल आपोआप म्हातारी होते. बाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. आता फाईल त्यांचीच होती.

त्यांनी विष्णूला गिझर भिंतीवर चढवायला लावला. पाणी भरलं, धार आली, मग बटण लागलं आणि लाल दिवा पेटला. विष्णू गेल्यावर राव गिझरकडे बघत म्हणाले, "पण उन्हाळ्यात याचं काय करायचं?"

"अहो, पुरे आता," बाई म्हणाल्या. "तुम्हाला गिझर नकोय की हे घर नकोय?"

रावांनी पाइपचा जोड बोटाने चाचपला. "इथे मला बोलायला कुणी नाही," ते म्हणाले. "क्वार्टरमध्ये जिना उतरलो तरी चार माणसं भेटायची. इथे लिफ्टमध्ये सगळे वर बघत उभे असतात. यशोधनकडे निदान घरात आवाज असेल."

बाईंना आधी रागच आला. एवढं साधं बोलायला या माणसाला इतक्या हरकती काढाव्या लागल्या. मग वाईटही वाटलं, कारण त्या स्वतः दिवसभर ओट्याशी, रावांकडे पाठ करून उभ्या असत.

"मी हे घर सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जायचं तर जा, मी अडवणार नाही."

राव जागचे हलले नाहीत. बाईंनी नळ सोडला, सिंकपाशी थोडं सरकून जागा केली आणि त्यांचा चहाचा कप त्यांच्याच हातात दिला. "विसळा हा. आणि बोला, मी ऐकतेय."

लग्न झाल्यापासून रावांनी कप विसळला नव्हता. कोमट पाण्याखाली ते आधी नुसताच हात धरून राहिले. मग एका जुन्या साहेबाची गोष्ट निघाली. बाईंना ती पाठ होती, तरी त्यांनी मधे तोंड घातलं नाही. कप कधीचा स्वच्छ झाला होता. बाईंनी पातेलं पुढे केलं.

रविवारी यशोधनचा फोन आला. फ्लॅट भाड्याने द्या, इकडे या, सगळं नेहमीचं. मुरलीधररावांनी ओले हात सदऱ्याला पुसत शांतपणे ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत.

"येऊ की," ते म्हणाले. "पण तुमच्याकडे अर्थिंगचं काय?"