मापाचा खांब

माझ्या गौतमीचं लग्न १९९९ च्या एप्रिलात झालं. मांडव उतरवला आणि चौथ्या दिवशी आम्ही कासुर्डीहून केंदूरला गेलो, ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा पाया खणायला. मी टोळीचा मुकादम. बायको जाईबाई आणि आणखी अकरा माणसं. काम हौसराव कंत्राटदारांचं.

कागदावर कातळ सात फुटांवर होता. आम्ही बारा फूट गेलो तरी पिवळी मातीच. मधोमध मापाचा खांब उभा. खोदाईत तेवढी एक जागा न खणता राखायची, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते माप घ्यायला येणाऱ्या सरकारी इंजिनीअर साहेबाला दिसतं. डोक्यावर जुनं गवत तसंच होतं. तीन फूट जाडीचा खांब, उन्हानं तडकत चाललेला.

मला तो बघवत नव्हता. भांडगावच्या कामावर असाच खांब माझ्या धाकट्या भावावर, संपतवर, कोसळला होता. तिथल्या कंत्राटदारावर आमचा विश्वास नव्हता, त्याचा आमच्यावर नव्हता. म्हणून माप होईस्तोवर खांबाला हात लावू नका, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

केंदूरला मी नुसता खांबाभोवती फिरत होतो. बसलो की उठत होतो. सकाळी खांबाच्या भेगेत बोट शिरत नव्हतं, दुपारी शिरलं.

"पाडा की त्यो," जाईबाई म्हणाली.

"आन् खोली कशावरनं दाखवू? सातच्या खाली खणलंच न्हाई म्हणतील."

"मग ऱ्हाऊ द्या. आमी त्याच्याखाली गावलो म्हंजी खोली आपसूक दिसंल."

मी टोळी वर काढली आणि बाभळीखाली बसलेल्या हौसरावांकडं गेलो.

"आप्पा, काम बंद हाय."

"का रं म्हाळू? लेकीच्या लग्नाचा शीण उतरला न्हाई व्हय?"

"खांब पडतोय. साहेबाला आणा. तिघांनी मिळून माप घिऊ, सह्या करू, मग पाडू."

"साहेब सोमवारी यायचाय. तवर खांब मोडला तर जादा खोली माझ्याच गळ्यात. साक्षरतेच्या वर्गात दोन अक्षरं शिकलास, तर मलाच कागद करायला लावतोस?"

"तुमीबी अडकताय, मीबी अडकतोय. म्हणून म्हणतो, टेपाचं एक टोक तुमी धरा, एक मी धरतो."

हौसराव टोपी झटकत राहिले. मग त्यांनी राजदूत फटफटी काढली आणि साहेबाला आणायला शिरूरला गेले. ते येईपर्यंत मी कुणाला काठावर उभं राहू दिलं नाही.

रविराज साहेब आले. नोकरीला लागून वर्ष झालेलं. काठावरूनच मला म्हणाले, "मामा, शेवटच्या मापापर्यंत खांब राहिला पाहिजे. तसा नियम आहे."

"साहेब, ह्ये खाली उतरून सांगा. मीबी येतो संगं."

आम्ही उतरलो. खांबाजवळ पोचतो तोच वरून मूठभर माती त्यांच्या कॉलरीत गेली. ते झटकन मागं सरले. नियमाचं नाव परत काढलं नाही.

"पण मूळ पातळी कुठं राखायची?" वर आल्यावर त्यांनी विचारलं.

ते हौसरावांना सुचलं. गवंडी पातळी लावतात ती पाण्याची नळी त्यांनी मागवली. खांबावरच्या गवताची पातळी नळीनं काठावरच्या बाभळीवर घेतली आणि बुंध्यात खिळा ठोकला. इथून पुढं माप खिळ्यापासून, दर तीन फुटांना, तिघांनी मिळून. बारा फूट तीन इंच, असं साहेबांनी मोठ्यानं वाचून लिहिलं. खाली तिघांच्या सह्या.

खांबाला दोर टाकला. ओढायच्या आधीच तो पडला. सकाळी जाईबाई घमेलं भरत होती तिथंच.

कातळ सतरा फुटांवर लागला. काम संपलं तेव्हा खोलीवरून कुणी ब्र काढला नाही, कारण प्रत्येक मापाला तिघंही तिथंच होते. पुढं हौसराव प्रत्येक कामावर कुदळ लागायच्या आधी विचारायचे, "खिळा ठोकला का?"

केंदूरच्या खड्ड्यात कुणी दगावलं नाही. माझा भाऊ संपत भांडगावच्या खड्ड्यात गेला, ७ मार्च १९९६, गुरुवारी. सव्वीस वर्षांचा होता.