दारातली धार

डॉक्टरीणबाईंनी गिरूच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं अलगद ओढली, आणि यमुताई बघायला पुढं वाकल्या. आत जिथं लाल दिसायचं तिथं जुन्या धोतरासारखं पांढरं दिसत होतं.

"गाईचं दूध कधीपासून पाजताय याला?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"गाईचं? एक थेंब नाही. देवाशपथ सांगते!"

"मग घरात दुसरं कुणीतरी पाजतंय."

यमुताईंना हे बोलणं फार लागलं. घरात होतं कोण दुसरं? त्या स्वतः, आणि त्यांचे वडील वामनराव, ज्यांना नागपुरातली सगळी धंतोली नाना म्हणायची. गिरूची आई तारा बाळंतपणातच गेली होती. बाप विश्वनाथ, म्हणजे यमुताईंचा धाकटा भाऊ, लढाई सुरू झाल्यापासून जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात अडकला होता. सुटी मिळाली तर यायचा, पोराकडे बघून डोळे पुसायचा आणि परत जायचा. यमुताई स्वतः ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आलेल्या. कूस कधी उजवली नाही, आणि आता चाळिशीला टेकल्यावर हे इवलं पोर कुशीत आलं. ते जगलं तर आपण जगलो, असंच त्यांना वाटायचं.

ताराच्या तेराव्यानंतर प्रेमलताबाईंनीच सांगितलं होतं. "डब्यातल्या भुकटीचं दूध द्या. पाणी खळखळ उकळून घ्या. सहावा सरला की पेज, वरणाचं पाणी, मऊ भात चालू करा. पण वर्षाचा होईपर्यंत गाईम्हशीचं दूध पाजायचं नाही."

नानांना ते मुळीच पटलं नव्हतं. "दारात कपिला उभी आणि पोरानं गोऱ्यांची भुकटी प्यायची! यमू, हा कृष्णाचा देश आहे की खडूचा?"

"नाना, बाई शिकलेल्या आहेत."

"मी काय अडाणी आहे? साठी उलटली, रोज पितळी पेलाभर धारोष्ण घेतो. बघ हे मनगट!"

नानांचं मनगट खरंच बघण्यासारखं होतं. नत्थूजी गवळी रोज उजाडता गाय घेऊनच दारात यायचा. घरून आणलेल्या दुधात पाणी असतं, म्हणून आमच्या धंतोलीतली भली घरं डोळ्यांदेखत काढलेलंच दूध घ्यायची. नत्थूजी गाय बांधायचा, वासरू सोडून पान्हा आला की ओढून बाजूला करायचा, आणि पहिला पेला नानांचा. फेसाळ, कोमट, न तापवलेलं. नाना तो उभ्यानंच संपवून पांढऱ्या मिशांवरून हात फिरवायचे. मग भांड्यात घरचं दूध.

लढाईमुळे डबे मिळेनासे झाले होते. बर्डीच्या बाजारातला दुकानदार ओळखीचा, म्हणून पाठीमागच्या दारानं एखादा द्यायचा. यमुताई तो देव्हाऱ्याखालच्या फडताळात कुलपात ठेवायच्या. पोराला दोन चमचे कमी नकोत की जास्त नकोत. आणि तरीही गिरू कोमेजत चालला होता. कडेवर घेतला की मान खांद्यावर टाकून पडून राही. दुपटी धुताना त्यांना काळपट, चिकट असं काहीतरी दिसे. त्या डब्यावर संशय घेत. काळ्या बाजाराचा माल, कोण जाणे काय मिसळलं असेल!

दवाखान्यातून परतताना टांग्यात त्या हेच घोकत होत्या. घरी आल्यावर उरलेली भुकटी त्यांनी जिभेवर ठेवून पाहिली. चांगली गोड होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची नेहमीची वेळ झाली. बंबात पाणी तापवायचं, स्नान करायचं, सोवळ्यानं तुळशीला पाणी घालून पोथी वाचायची. तोवर गिरूला नाना घेऊन बसत. आजोबा-नातवाची ती वेळ ठरलेली. यमुताईंना त्याचं कौतुक वाटायचं. म्हाताऱ्या माणसाचं मन रमतं, पोर रडत नाही, आणि आपली पूजा शांतपणे होते.

त्या दिवशी बंब पेटेना. गोवऱ्या ओल्या लागल्या. कोरड्या बघाव्यात म्हणून टोपली घेऊन यमुताई पुढच्या अंगणात आल्या, आणि दारातच खिळून उभ्या राहिल्या.

नाना उकिडवे बसले होते. गिरूला त्यांनी दोन्ही हातांत आडवा धरला होता, थेट गाईच्या सडाखाली. त्या पोरानं, चमच्यानं पेज भरवताना ओठ घट्ट मिटणाऱ्या त्या पोरानं, पाखराच्या पिलासारखा आ वासला होता. आणि नत्थूजी सड वळवून नेमकी त्याच्या तोंडात धार सोडत होता. चुर्र, चुर्र.

"घे रे माह्या राज्या! पाहा जी नानाजी, आता तं येक थेंबबी सांडत नाही."

"हुशार आहे लेकाचा. विश्वनाथच्या दुप्पट होईल."

गिरूच्या गालांवरून दूध ओघळत होतं. तो हसत होता. गाईची शेपटी त्याच्या कपाळावरून फिरली, तसा तो आणखी खिदळला.

यमुताईंच्या हातातली टोपली गळून पडली. पुढं होऊन त्यांनी पोर असं हिसकावलं की गाय बिचकून मागं सरली.

"नाना! किती दिवस?"

नाना उठले. चोरी सापडल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट कौतुकानं म्हणाले, "संक्रांतीपासून. अगं, बर्डीवरचे डबे उद्या बंद झाले तर याला काय तुझी पोथी पाजणार आहेस? सवय नको का लावायला? तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, म्हणून बोललो नाही."

"आणि मी काल बाईंपुढे देवाची शपथ घेऊन आले!"

"त्या बाईला काय कळतं? चल, मीच येतो. मीच विचारतो तिला, की डब्यात काय गाढविणीचं दूध भरतात?"

आणि खरोखरच पागोटं घालून, काठी घेऊन ते टांग्यात बसले. वाटभर तावातावानं बोलत होते. यमुताईंच्या मांडीवर गिरू निपचित पडला होता. मघाचं हसणं जणू त्या धारेबरोबरच आलं आणि विरलं.

प्रेमलताबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डब्यातलंही गाईचंच असतं, वामनराव. पण ते बाळाच्या पोटाला झेपेल असं हलकं केलेलं असतं. गाईचं दूध वासरासाठी असतं. वर्षाच्या आतल्या पोराची आतडी त्यानं सोलवटतात, आतल्या आत रक्त झिरपतं. डोळ्यांना दिसत नाही. पोर नुसतं पांढरं पडत जातं."

"माझे आजोबा, पणजोबा..."

"त्यांना आईचं दूध होतं. आणि तुम्ही तर तेही न उकळता देताय. गाईची कास, गवळ्याचे हात, शेणावरची माशी, सगळं त्या धारेबरोबर पोटात जातं. ताप येतो, अतिसार होतो, गाईला क्षय असेल तर तोही होतो. तुमचं पोट दगडाचं आहे, म्हणून तुम्हाला चाललं."

नाना काठी आपटून काही बोलणार होते. पण बाईंनी सहज, कागदावर औषध लिहिता लिहिता विचारलं, "तुमच्या घरात याआधी लहान मूल गेलंय का?"

यमुताईंनी वडिलांकडे पाहिलं. विश्वनाथच्या पाठीवर दोन भाऊ झाले होते, ते त्यांना अंधुक आठवत होते. दोघंही गोरेगोमटे. लोक म्हणायचे, किती गोरी पोरं! आई पदरानं त्यांची तोंडं झाकायची, मीठमोहऱ्या ओवाळायची. मोठा पाऊल टाकायच्या आत गेला, धाकटा रांगायच्या आत. दृष्ट लागली, असंच घरात आजवर बोललं जाई.

"दोन," नाना म्हणाले.

"त्यांना आईचं दूध होतं?"

"नव्हतं. तिला ताप यायचा. अंगावर दूधच आलं नाही." नानांनी काठी भिंतीला टेकवली. "दारात गाय होती."

मग नाना आपणहून बोलले, अगदी हळू. "मीच धरायचो. दोघांनाही. असंच." आणि त्यांनी आपले हात पुढे करून पाहिले. मघा गिरूला धरलं होतं तसेच, आडवे, रिकामे.

प्रेमलताबाईंची लेखणी थांबली. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, इतकंच. "त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हा वाचेल. लोहाचं औषध देते. धार आजच बंद करा."

यमुताईंना वाटलं होतं आपण बापावर चिडू, आकाशपाताळ एक करू. पण परतताना टांग्यात त्यांना नानांकडे बघवेना. ते कडेला सरकून बसले होते. पोराला त्यांचा हातही लागू नये, अशा बेतानं.

गिरू वाचला, हे इथंच सांगून टाकते. महिनाभरात त्याच्या नखांवर गुलाबी रंग आला. वाढदिवस झाल्यावर उकळून गार केलेलं गाईचं दूध त्यानं बोंडल्यानं प्यायलं, तेही जेवून उरलेल्या भुकेपुरतं. पण यमुताईंना जन्मभर आठवत राहिली ती दवाखान्यातून आल्यानंतरची सकाळ.

नत्थूजी नेहमीसारखा आला. गाय बांधली, वासरू सोडलं, हाक दिली, "आना जी आमच्या राजाले!"

नाना एकटेच बाहेर आले. त्यांच्या हातात पितळी पेलाही नव्हता.

"नत्थू, भांड्यात काढ आणि जा. पोराला आता धार नाही."

"काहून जी? काल ताईसाहेब रागावल्या म्हून? अवो, बायाइचं काय मनावर घेता!"

"तसं नाही." नानांनी दाराच्या चौकटीला धरलं. "माझे दोघं गेले ना रे, ते त्यानंच गेले. कच्च्या धारेनं."

"काय म्हनता?"

"वर्षाच्या आत गाईचं दूध पोटात जखमा करतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोर पांढरं पडतं. आम्ही गोरं म्हणायचो, नत्थू! आम्ही दृष्ट काढत बसलो!"

नत्थूजी वासराचं दावं पायाखाली दाबून, गुडघ्यात अर्धं भरलेलं भांडं धरून बसला होता. त्याचे हात सडावर तसेच राहिले. तो गाईच्या पोटाकडे बघत होता, पण त्याला गाय दिसत नसावी.

"माही बी तीन गेली, नानाजी," तो म्हणाला. "लोक म्हनत, गवळ्याच्या घरी दुधाची गंगा, आन् पोट्टे काहून जगत नाही?"

यमुताई गिरूला घेऊन आतल्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पोराला पदराखाली घेतलं.

नत्थूजी एकदम उठला. भांडं कलंडलं, अंगणात दुधाचा ओहोळ झाला.

"काय झालं रे?"

"घरी नात हाये जी! पाचवा महिना चालू हाये तिले. माही म्हातारी आता धारेखाली घेऊन बसली असन!"

आणि तो पळत सुटला. अनवाणी, पागोटं सुटलेलं, धंतोलीच्या लाल मातीच्या रस्त्यानं. गाय दारातच राहिली. सुटं वासरू तिच्याकडे धावलं आणि ढुशा देत पिऊ लागलं. नेहमी ते ओढून बाजूला करायला कुणीतरी असायचं. त्या दिवशी नानांनी त्याला हात लावला नाही.