दोघींनी लपवलेल्या कुऱ्हाडी

कुंभाराने अंगणात उभं राहून असा काही आवाज लावला, की कोपऱ्यावरच्या लोहाराने भाता थांबवला.

"ए गवळ्या! बाहेर ये! ये की, डोळ्यांनी बघ काय केलंस ते!"

बघण्यासारखं होतंच. कच्चे माठ अंगणभर वाळत घातलेले. सकाळी गवळ्याने गोठा धुतला आणि ते सगळं पाणी मधल्या भिंतीच्या बुडातून येऊन माठांत शिरलं. कच्च्या मातीला पाणी लागल्यावर उरतंय काय? खालची रांग बसली, वरची तिच्यावर आली, आणि इतक्या दिवसांच्या मेहनतीचा परत चिखल झाला. तोही शेणाचा वास मारणारा.

गवळी भिंतीपाशी आला, हातात शेणाची पाटी. "पाणी उताराला जातं, बाबा. मी काय त्याला दावं बांधू? आणि तुझ्या भट्टीचा धूर माझ्या म्हशी रोज गिळतात, तेव्हा मी कधी गाव गोळा केला का?"

"धुरानं मेली का तुझी एखादी म्हैस?"

"का, मरायची वाट बघतोस?"

कुंभारीण माती तुडवत होती, ती तशीच पोटरीभर चिखलात उभी राहिली. असली भांडणं तिने खूप ऐकली होती. सकाळी एकमेकांचा बाप काढायचे आणि संध्याकाळी त्याच भिंतीवर बसून तंबाखू मळायचे, अशी ही दोघांची रीत. पण आज बघ्यांपैकी कोणी हसलं नाही. तिला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभाराने भिंतीचं बूड बुजवलं. आता चिखलाच्या कामात त्याचा हात कोण धरणार? असं लिंपलं, की थेंब बाहेर येईना. सगळं पाणी गोठ्यातच तुंबलं. गवळ्याचं गोजिरवाणं पारडू त्या राड्यात घसरलं, पाय मोडून बसलं आणि दोन दिवस हंबरून मेलं. गवळी रडला नाही की ओरडला नाही. त्याने पारडाला ओढत आणलं, कुंभाराच्या उंबऱ्यात टाकलं आणि निघून गेला.

मग भट्टी फुटली. भरलेली, पेटलेली भट्टी, आत लालभडक माल, आणि कोणीतरी बाजूने खोरं घालून ती उघडी पाडली. गार वारा आत घुसला आणि सगळा माल तडातडा तडकला. कोणी केलं म्हणून विचारायची गरजच नव्हती. गवळी आपल्या दारात बसून बघत होता आणि नाही म्हणत नव्हता.

"आता या भिंतीला एकच घर राहील," कुंभार म्हणाला. गाव ऐकत होतं.

"मग तुझं बिऱ्हाड बांधायला घे," गवळी म्हणाला.

म्हाताऱ्या मंडळींनी मध्ये पडून दोघांना घरी पिटाळलं. बाजार उरकला की येतो, पाण्याला वाट आखून देतो, तोवर कोणी कोणाकडे बघायचंसुद्धा नाही, असं बजावलं. पण त्या दिवसापासून कुंभार लाकडं फोडायची कुऱ्हाड खाटेखाली घेऊन झोपायला लागला. तिकडे गवळ्याचंही तेच चाललं होतं. हे कळलं कसं, तर बायकांकडून. पुरुषांनी बोलणं सोडलं, म्हणून बायका थोड्याच सोडणार होत्या! कुंभारणीची दोन्ही बाळंतपणं गवळणीच्या हातची. भर उन्हात नदीवर चिटपाखरू नसायचं, तेव्हा दोघी धुणं घेऊन भेटायच्या.

"ताई, माझ्या तर तोंडाला चव नाही," कुंभारीण म्हणाली. "हे रात्री कूस बदलतात, तरी माझ्या काळजात धस्स होतं."

"माझा दिवसाही कोणाशी बोलत नाही गं. नुसता धार लावत बसतो." गवळणीने लुगडं पिळलं आणि पिळताना थांबली. "लपवायची का?"

"काय?"

"कुऱ्हाड. मंडळी येईपर्यंत."

"घर पालथं घालतील हो ते. माझ्या घरात सुई हरवली तरी यांना सापडते."

"म्हणून तर म्हणते. तुझी माझ्याकडे दे, माझी तू ने. मरतील पण एकमेकांच्या घरात पाय नाही टाकणार!"

कुंभारीण बघतच राहिली. मग दोघींना इतकं हसू आलं, की गवळणीच्या हातातलं लुगडं वाहून जायला लागलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या होत्या. त्याच दुपारी दोघींनी पदराखालून कुऱ्हाडी इकडच्या तिकडे केल्या. कुंभाराची गेली गवळ्याच्या कडब्याच्या गंजीत. गवळ्याची, दांड्याला चामड्याची पट्टी गुंडाळलेली, आली कुंभाराच्या भट्टीसाठी साठवलेल्या गवतात. कुंभारणीला त्या रात्री गाढ झोप लागली.

"कुऱ्हाड कुठाय?" कुंभाराने सकाळी विचारलं.

"दांडा हलत होता. लोहाराकडे टाकलीय."

तो गाढवं घेऊन माती आणायला गेला आणि दिवस कलता परत आला, तो कोपऱ्यावरून आला. लोहाराला विचारून आला. बाई गं, खोटं बोलायचं तर निदान लांबच्या गावाचं तरी सांगायचं!

"लोहाराकडे नाही," एवढंच तो म्हणाला आणि शोधायला लागला. खाट उलटी केली. रांजणामागे पाहिलं. लाकडांचा ढीग उपसला. कुंभारीण चुलीपाशी बसून मनात म्हणत होती, शोध बाबा शोध, तुझी काही तुला सापडायची नाही. आणि तो गवताकडे वळला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या नवऱ्याची कुऱ्हाड आपल्या नवऱ्याला मिळणार नाही, एवढंच दोघींनी पाहिलं होतं. दुसऱ्याची मिळेल, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याने गवतातून कुऱ्हाड ओढली. चामड्याची पट्टी बघितली. चिडला असता तर बरं होतं. तो अगदी शांतपणे बोलला.

"माझी पळवली. स्वतःची माझ्या घरात आणून ठेवली. म्हणजे येताना रिकाम्या हातानं यायचं, कोणी बघितलं तरी संशय नको. वा!"

"अहो, मी ठेवलीय ती!" ती उठलीच. "पोरांची शपथ, मी आणि ताईनी मिळून ठेवलीय. तुमची त्यांच्या कडब्यात आहे. तुम्ही दोघं डोक्यात राख घालून बसलात, म्हणून आम्ही—"

"सकाळी लोहाराकडे होती ना?"

तिने दांड्याला हात घातला, त्याने तो झटकला.

"सकाळी एक सांगतेस, आता एक सांगतेस. त्याला वाचवायला अंगावर घेतेस? कोण लागतो तो तुझा?"

आणि तो निघाला. ती मागे धावली, त्याचा सदरा धरला, तो फाटून तिच्या मुठीत राहिला. भिंतीच्या कडेने, कुडाला वळसा घालून, गोठ्यात. गवळी धारेला बसला होता, गुडघ्यांत बादली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं, दाराकडे पाठ. धारेचा आवाज भरल्या बादलीत जड येत होता. त्याने मान वळवली नाही.

एकच घाव बसला. म्हैस उधळली आणि बादली लवंडली.

फौजदार आला तेव्हा सगळं गाव गोठ्यासमोर उभं होतं. कुंभार खुंट्याला टेकून बसला होता. तो ठामपणे सांगत होता, "कुऱ्हाड कोणाची ते विचारा गावाला. याचीच. माझ्या गवतात दडवली होती, मला मारायला. मी आधी हात चालवला, एवढंच."

लोकांनी कुऱ्हाड पाहिली. गवळ्याचीच होती. माना हलायला लागल्या. कोणी कुजबुजलं, की मग ती तिथे गेली कशी, त्याने ठेवली की त्याच्या बायकोने नेऊन दिली? गवळीण नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने हे ऐकलं आणि डोळे मिटले.

कुंभारणीच्या कानाशी तिचा दीर वाकला. "वहिनी, तुम्ही गप्प बसा. काही बोलायचं नाही. दादा सुटेल. पोरांचा बाप घरी येईल."

नवरा तिच्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे काहीतरी मागत होता, आणि तिला त्याची इतकी दया आली, की पाय उचलेना. तरी ती उठली. कडब्याच्या गंजीपाशी गेली, पेंढ्या बाजूला टाकल्या आणि कुऱ्हाड आणून फौजदारापुढे ठेवली.

"ही आमची. ती त्यांची. या दोन्ही आम्ही बायकांनी लपवल्या. गवळ्याने आमच्या घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. आणि हे मी यांना सांगितलं होतं, गोठ्यात यायच्या आधी."

"अगं, काय केलंस..." कुंभार म्हणाला. त्याला नेलं, तेव्हा त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

प्रेत उचललं, गर्दी पांगली. धारा राहिलेल्या म्हशी ओरडून ओरडून कावल्या होत्या. गवळीण होती तिथेच बसून होती. काहीतरी करायला हवं, म्हणून कुंभारणीने लवंडलेली बादली उचलली, पुसली आणि म्हशीपाशी बसली.

"खरंच सांगितलं होतंस त्याला?" गवळणीने मागून विचारलं.

"पोरांची शपथ घेतली, ताई. ऐकलं नाही. मी मागे धावले, सदरा धरला—"

"मग ओरडली का नाहीस?"

कुंभारणीने आचळाकडे नेलेला हात मागे घेतला.

"एवढी लांबवर धावलीस. भिंतीपासून गोठ्यापर्यंत. एक हाक मारली असतीस, तर त्याने मान वळवली असती."

खरं होतं. ती तोंड दाबून धावली होती. परत तमाशा नको, गावाला परत ऐकू जायला नको, गुपचूप मागे ओढून नेता येईल, असं काहीसं तेव्हा तिच्या मनात होतं.

गवळीण उठली. तिने कुंभारणीच्या हातातली बादली काढून घेतली, तिला बाजूला सारलं आणि स्वतः धारेला बसली.

"जा घरी," ती म्हणाली. "तुझी पोरं उपाशी असतील."