बुधरीच्या पायाचा फोटो

मी एक जुना संगणक आहे. पोंभुर्ण्यात इनायतभाईंच्या फोटो स्टुडिओत कोपऱ्यातल्या टेबलावर माझं बस्तान आहे. आधी ऊर्जानगरात एका साहेबांच्या घरी मी नुसते पत्त्यांचे खेळ मांडत असे. इथे आलो आणि माझ्या जन्माचं सोनं झालं.

मित्रांनो, तेव्हा ई-मेल फोनच्या तारेवरून जायचा. मोठा फोटो अर्ध्यावर अडकायचा, आणि तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून इनायतभाईंची लेक रूही फोटो आधी लहान करायची. तिचा एक नेम होता. मूळ फोटोला हात लावायचा नाही, नक्कल काढून तिच्यावरच काम करायचं.

एका दुपारी जंगलातल्या गावाहून लालसू आला. त्याच्या लहानग्या बुधरीच्या पायात काटा मोडला होता आणि तिथे काळा डाग पसरत चालला होता. गावच्या नर्सबाईंनी फोटो काढून कॅमेरा त्याच्याजवळ दिला होता. तो फोटो पाहून नागपूरचे डॉक्टर सांगणार होते, पोरीला तातडीने आणायचं की मलमावर भागेल.

रूहीने फोटो माझ्यात उतरवून त्याची नक्कल काढली. कोंबड्या, खाट, भिंत कापून फक्त पाय ठेवला आणि लांबी-रुंदी घटवली. ती फोनची लाइन लावायला उठली, तसे इनायतभाई माझ्यापुढे बसले. लग्नाच्या फोटोंतले मुरूम-डाग पुसण्यात त्यांचा हातखंडा होता. सवयीने त्यांनी बुधरीचा पायही लख्ख करून टाकला.

लालसू वाकून बघू लागला. "भाऊ, हा माह्या पोरीचा पाय नाई. डाग कुठी गेला?"

"साफ केला ना. एवढ्या मोठ्या डॉक्टरले खराब फोटो काऊन धाडायचा?"

"अब्बा, त्याईले डागच पाह्यचा हाये," रूही म्हणाली.

इनायतभाईंचा चेहरा उतरला. पण मूळ फोटो माझ्या पोटात सुखरूप होता. रूहीने त्याची नवी नक्कल काढली, ती कापली, लहान केली, डाग नीट दिसतो ना हे लालसूला विचारलं आणि मगच पाठवली. फोटो जाईपर्यंत इनायतभाई स्वतः फोनवर हात ठेवून बसले. संध्याकाळी उत्तर आलं, "लगेच घेऊन या." बुधरीचा पाय वाचला.

आता नवा संगणक आला आहे आणि मी बहुतेक कापडाखाली झाकलेला असतो. खंत थोडी आहे, पण त्या घराचे उपकार फार आहेत. मित्रांनो, फोटो खुशाल लहान करा, पण मूळ फोटो जपून ठेवा.

परवा नवा संगणक बिघडला म्हणून मला चालू केलं. लालसूच्या घरच्यांचा फोटो होता. मोठी झालेली बुधरी पुढे बसली होती, अनवाणी. इनायतभाईंचा हात सवयीने तिच्या पायावरच्या व्रणाकडे वळला.

"चाचा, तो राहू द्या," शेजारी उभी असलेली बुधरी म्हणाली. "तो दिसला म्हणून तं मी चालून राह्यली."

इनायतभाईंनी हात मागे घेतला, आणि तो फोटो मी होता तसाच सांभाळून ठेवला.