हाक आली की हसायचं

जगदेवीचं वैर होतं भुतांशी. भुतं नसतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी वैर होतं. आणि त्या वैरावरच बाईचं दुकान बरं चालतंय, असं तिची जाऊ चारचौघांत म्हणायची. अगदीच खोटं नव्हतं. बिदरकडच्या धनगराची पोर लातूरला शाळामास्तरीण झाली, रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी गोष्टी लिहू लागली, आणि शहाण्णव साली तिचं 'सुरंगीतली हाक' आलं. त्यानंतर पुस्तकामागून पुस्तक आलं. प्रत्येकात एक धीट पोरगी आणि एक भूत. शेवटाला पोरगी जिंकायची, भूत उघडं पडायचं. सत्कारात मिळालेल्या शालींनी घरातली एक अख्खी ट्रंक भरली.

पण पहिलं ते पहिलंच. ते तिच्या स्वतःच्या गावचं होतं. जनवाड्याच्या पलीकडे माळावर गाव, आणि गावाबाहेर नवाबी काळातली सुरंग, जमिनीखालून पाणी आणायला खोदलेली. पाणी केव्हाच आटलं होतं. माळावर ओळीनं तिची तोंडं उघडी पडलेली, आणि पार टोकाला चिंचांखाली पायऱ्यांची विहीर. आत हाकामारी राहते, असं सगळ्या गावाचं सांगणं. ती नाव घेऊन हाक मारते, तीही आपल्याच आईच्या आवाजात, आणि जो ओ देतो तो परत येत नाही. जगदेवीचं बालपण ह्या भीतीखाली गेलं आणि मोठेपणी तिला त्याचा संताप यायचा. म्हणून पुस्तकातल्या मुलीच्या हातात तिनं बॅटरी दिली आणि तिला खाली उतरवलं. मुलगी तोंडाशी चपला काढून आत जाते, आईच्या आवाजात हाक येते, मुलगी खदखदा हसते आणि पुढं चालते. हाक म्हणजे नुसता वाऱ्याचा घुमारा निघतो. शेवटी मुलगी विहिरीच्या पायऱ्या चढून चिंचांखाली बाहेर येते.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात गावच्या मराठी शाळेनं तिचा सत्कार ठेवला. गाव तोवर अर्धं रिकामं झालेलं. तरणीताठी माणसं पुण्याला, हैदराबादला बांधकामांवर गेलेली, आणि मागं राहिलेली म्हातारी आणि पोरं. शाळेच्या भिंतीवर गेरूनं तिचंच वाक्य रंगवलं होतं: 'मोठी माणसं भीती दाखवतात, कारण त्यांना स्वतःला जायचं नसतं.' ते वाचून जगदेवीचा ऊर भरून आला.

"पोरांनी तुमचं पुस्तक पार पाठ केलंय, मॅडम," मुख्याध्यापक बसवंतप्पा सर म्हणाले. "एकच प्रत हाय, पानं सुटायलीत. तरी हातातनं सोडत न्हाईत."

भाषण झालं आणि मुलांनी प्रश्न विचारले. इतर शाळांत मुलं विचारतात, तुम्हाला सुचतं कसं, पुढचं पुस्तक कधी. इथले प्रश्न वेगळेच होते. एकानं विचारलं, तिसऱ्या तोंडाच्या पुढं वाट केवढी आहे. दुसऱ्यानं विचारलं, वाकून जायचं की रांगत. जगदेवीला कौतुक वाटलं. पुस्तकात होतं तेच तिनं सांगितलं: वाकून जायचं, भिंतीला डावा हात लावून.

मग सातवीतली प्रतीक्षा उभी राहिली. तिचे आईबाप पुण्याला. ती आज्याजवळ, ग्यानबाजवळ राहायची. दोन घट्ट वेण्या आणि डोळ्याला डोळा भिडवून बोलायची सवय.

"अक्का, तुमी सोता गेल्ता न्हवं? समदी सुरंग?"

जगदेवी लहानपणी एकदा गेली होती, तिसऱ्या तोंडापर्यंत. तिथून पुढं नुसता काळोख होता. ती रडत वर आली. पुढचं सगळं तिनं लातूरच्या घरात, टेबलाशी बसून लिहिलं होतं. हे सांगायला काही हरकत नव्हती. पण समोर शाळाभर पोरं, मागं भिंतीवरचं वाक्य आणि गळ्यात हार. गळ्यात हार असताना खरं बोलायला छाती लागते.

"गेले होते की," ती म्हणाली.

"हाक आल्ती?"

"आली होती."

"मग हसलात?"

"हसले आणि पुढं गेले."

प्रतीक्षानं मागं बसलेल्या दोघा पोरांकडं बघून मान हलवली. सही घ्यायला ती सगळ्यांच्या शेवटी आली. पुस्तक नव्हतं म्हणून तिनं तळहात पुढं केला. जगदेवी सगळ्यांना लिहून देत होती तेच तिनं तिच्या तळहातावर लिहिलं: 'बेधडक जा.'

"सांजच्याला चिंचंखालच्या इहिरीकडं या, अक्का," पोरगी हळूच म्हणाली. "गंमत दावतो तुमाला."

नाच-बिच बसवला असेल, असं जगदेवीला वाटलं. येते म्हणाली.

सत्काराला सगळा गाव आला होता, फक्त तिची आई नव्हती. जगदेवी घरी आली तेव्हा तानुबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी झालेली होती. लेकीच्या आवडीची होती, पण म्हातारीचा चेहरा काही गोड नव्हता.

"कामून आली न्हाईस, अव्वा?"

"काय ऐकाया यायचं? हाकामारी न्हाई म्हणून पोरास्नी सांगायलीस, ते?"

"नाहीच ती."

तानुबाईनं भाकरी उलटली. "मी त्यास्नी जाऊ नगा म्हणलं, तर तुजं पुस्तक उघडून दावलं मला. हसायलीत मला पोरं." तिनं पिठाचा दुसरा गोळा हातात घेतला. "त्या पुस्तकातली पोरगी आत काय घिऊन गेली गं? कंदील का बॅटरी?"

"बॅटरी."

"मंजी इझत न्हाई."

जगदेवीनं ताट पुढं ओढलं. "म्हणजे?"

"मेंढरांमागची माणसं आत उतरायची, तर कंदील घिऊन. पुढं हवा न्हाई तितं. कंदील इझला की माघारी फिरायचं. बॅटरी जळतीच ऱ्हाती. माणूस इझतंय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? कल्लप्पा गेला न्हवं."

कल्लप्पा म्हणजे तानुबाईचा भाऊ. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात. मामा लहानपणी तापानं गेला, एवढंच जगदेवीला माहीत होतं.

"ताप-बिप न्हाई," तानुबाई म्हणाली. "मेंढरू हुडकाया बिनकंदिलाचा उतरला. माजी माय तोंडाशी बसून हाका मारायली, कल्लप्पा, ए कल्लप्पा. त्याला भाईर काढला, पुरला, तरीबी ती हटंना. रोज जायची, रोज हाका. पोरं भिऊन तिकडं फिरकंनात. ती मेल्यावर गावच्या बायका म्हणल्या, ऱ्हाऊ द्या. हाकामारी हाय म्हणा आत. तेवढंच लेकरं लांब ऱ्हात्याल."

जगदेवीनं हातातला घास ताटात ठेवला. जिला तिनं एवढ्या शाळांतून खोटी ठरवली होती, ती तिची आज्जी होती.

"मला का नाही सांगितलंस, अव्वा?"

"लेकराला मरण सांगावं व्हय? भूत सांगितलं. पुरं होतं की तेवढं." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "अन् आता तर सुरंग इहिरीत निघतबी न्हाई. सडक केली तवा मशीन सुरंगीत खचली त्यांची. मग सडकंच्या गुत्तेदारानं मधी दगडांच्या गाड्या ओतल्या. इहीर हाय तितंच हाय, चिंचाबी हायेत. पण खालनं वाट बंद हाय."

सांजच्याला चिंचंखालच्या इहिरीकडं या. गंमत दावतो तुमाला.

जगदेवी ताटावरून उठली. हात धुवायचंही तिला सुचलं नाही. तेवढ्यात दारात ग्यानबा येऊन उभा राहिला, धोतराचा सोगा हातात धरून.

"आमची प्रतीक्षा इकडं आलीया का, अक्का? शाळंतनं आली अन् गेली. घरातली बॅटरीबी दिसंना."

तिघंही माळाकडं निघाली. तानुबाईनं जाता जाता खुंटीवरचा कंदील काढून घेतला. ऊन उतरलं होतं, लांब सडकेवरून वाळूचे ट्रक जात होते, आणि सगळं रोजच्यासारखंच दिसत होतं. पहिल्या तोंडाशी तीन जोड चपला होत्या. एका ओळीत, नीट लावलेल्या, पुस्तकात होत्या तशा.

ग्यानबा माणसं आणतो म्हणून गावाकडं पळत सुटला. पण गावात आता माणसं तरी कुठं होती? होती ती त्याच्याच वयाची.

जगदेवी तोंडाशी ओणवी झाली.

"प्रतीक्षा! मागं फिर गं! पुढं वाट नाही!"

हाक आत गेली आणि तिच्या आवाजाचं आत काहीतरी वेगळंच झालं. तो जड झाला, लांबला, एखाद्या वयस्कर बाईचा झाला. कुणाच्याही आईचा वाटावा असा.

मग खालून हसू आलं. तिघांचं, एकदम, ठरवून हसल्यासारखं. आणि हसू थांबल्यावर पावलं पुढं गेली.

"अरे, मी आहे, जगदेवी अक्का! खरंच मी आहे!"

पुन्हा हसू आलं. आता ते आणखी आतून आलं.

तिनं तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि हातानं मिटून घेतलं. पोरं अगदी शहाण्यासारखी वागत होती. हाक आली की हसायचं आणि पुढं चालायचं, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. ती आता जितकी जीव तोडून बोलावणार, तितकी ती लांब जाणार. इतकी भीती तिला लहानपणी हाकामारीचीही वाटली नव्हती.

मागं काडी ओढल्याचा आवाज झाला. तानुबाईनं कंदील लावला, काच पदरानं पुसली आणि लेकीच्या हातात दिला.

"हाक मारू नगं," ती म्हणाली. "गुमान जा, अन् जाऊन हातच धर. ह्यो इझला की माघारी फिरायचं. कुणी पुढं असलं तरीबी."

जगदेवीनं मान हलवली, खोटीच. तानुबाईलाही ते कळलं असावं, कारण ती तोंडाशी खाली बसली, जिथं तिची आई बसायची तिथंच, आणि तोंडात पदराचा बोळा धरला.

जगदेवीनं आपल्या चपला त्या तीन जोडांशेजारी काढल्या आणि ती खाली उतरली. भिंतीला डावा हात लावून, वाकून चालू लागली. तिसऱ्या तोंडापर्यंतची वाट तिला ठाऊक होती. तिथून पुढची तिनं लिहिलेली होती.