उजव्या हाताची गिटार

गिटारच्या दुकानात शिरल्या शिरल्या माझं डोकं उठलं. तीन पोरं तीन कोपऱ्यांत तीन वेगळ्या गोष्टी वाजवत होती आणि कुणाला कुणाचं काही पडलेलं नव्हतं. मी शिवणकाम करणारी बाई. आमच्या कारखान्यात दहा मशिनी एकदम चालतात, पण त्या आवाजाला काहीतरी ताळतंत्र असतं.

"आई, तू मध्ये बोलू नकोस हं," लेक म्हणाली.

"मी कशाला बोलतेय? मला काय कळतंय त्यातलं?"

तिला आम्ही बटण म्हणतो. दीड वर्षाची असताना तिने शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासूनचं नाव. आता सतरा वर्षांची आहे आणि मेटल ऐकते. म्हणजे असं गाणं, ज्यात गाणारा आपल्यावरच चिडलाय असं वाटतं. वर्षभर मैत्रिणीच्या साध्या गिटारवर शिकली. कॉलेजातल्या चार मुलींचा बँड आहे, त्या पंधरा दिवसांनी हिचं वाजवणं ऐकणार होत्या. आवडलं तर घेणार. सध्या तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टीव्ही बघतानासुद्धा उजवा हात मांडीवर आपटत बसायची, कारण घोडं तिथेच अडलं होतं. या गाण्यांत उजव्या हाताने तारा फार जलद छेडाव्या लागतात म्हणे, आणि तिचा हात दोन मिनिटांत दमायचा.

दुकानदार साठीचे, पांढऱ्या केसांची बारीक वेणी घातलेले. मी मनातल्या मनात त्यांना वेणीवाले म्हणायला लागले. माणूस मात्र भला. महागातली गळ्यात मारायला बघत नव्हता.

"तारांखाली ही चुंबकं आहेत ना, ती बघ," ते बटणला म्हणाले. "एकेरी असली की आवाज चढवल्यावर नुसती गुणगुण ऐकू येते. तुला जोडीची हवीत." मग त्यांनी एक काळी गिटार काढून तिच्या गळ्यात अडकवली. "खांद्याला जड होते का? तासभर उभं राहायचंय हिला घेऊन."

"नाही होत," बटण म्हणाली. मी गिटारच्या पाठीवरून हात फिरवला, सवयच ती. शिवण कुठे दिसली नाही.

ती वाजवायला लागली. वेणीवाल्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला.

"डाव्या हाताची बोटं सुरेख पळतात तुझी. उजवा हात मात्र कुणाचा तरी उसना आणल्यासारखा आहे." त्यांनी खिशातून तारा छेडायची ती प्लास्टिकची चकती काढली आणि न सांगता तिच्याकडे फेकली. बटणने ती डाव्या हातात झेलली.

"डावखुरी आहेस?"

"नाही. उजव्या हाताने लिहिते." ती हसली. "अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, ते सोडा."

मी उगाच भिंतीवरच्या गिटारींच्या किमती वाचायला लागले.

वेणीवाल्यांनी स्टूल घेऊन वरच्या खुंटीवरची एक लाल गिटार उतरवली, फडक्याने पुसली. उलटी होती ती, डावखुऱ्यांची. दुकानात तेवढी एकच. "चुंबकं एकेरी आहेत, ही घेऊ नकोस. नुसती एक तार छेडून दाखव."

बटणने छेडली. दाबणाऱ्या हाताला काही जमेना, तो चाचपडत होता. पण छेडणारा डावा हात सुटला तो सुटलाच. वेणीवाले पायाने ठेका वाढवत गेले, ती कुठे मागे पडली नाही, दमलीही नाही. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

"आई," ती माझ्याकडे वळली, "मी लहानपणी डावखुरी होते का गं?"

होती. चार वर्षांची होईपर्यंत सगळं डाव्या हातानेच करायची. मी तिला कारखान्यात कापायच्या टेबलापाशी बसवायचे, आणि तिथल्या साऱ्या कात्र्या उजव्या हाताच्या. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांना दाबत नाहीत, कापड कापत नाही, दुमडतं. एकदा तिने माझी कात्री तशीच ओढली आणि बोट कापून घेतलं. मला वाटलं, या पोरीचं आयुष्य असंच अडत जाणार. मग चिंध्यांमधून एक छोटी पिशवी शिवली, मऊ अस्तराची, नाडीची. सकाळी तिचा डावा हात त्यात घालायचा आणि नाडी ओढायची. "हा हात झोपलाय, त्याला उठवायचं नाही." तिला तो खेळ वाटायचा. सहा महिन्यांत लागली सवय. पुढे शाळेत अक्षरावरून मी तिला काय काय बोलले, आळशी म्हटलं, एकदा वही फाडली. दर वेळी मला आतून माहीत होतं आणि दर वेळी मी बोललेच.

हे सगळं त्या दुकानात, त्या गोंगाटात कसं सांगायचं? एक सांगितलं की वहीचंही सांगावं लागणार.

"नाही गं," मी म्हटलं.

वेणीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

"मेटलला चालेल अशी डावी मागवावी लागेल. तीन महिने लागतील," ते म्हणाले. "बोटांना पहिल्यापासून शिकवावं लागेल. पण सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काही नाही. ताई, बघा विचार करून."

"मी डावखुरी नाहीच तर डावी कशाला?" बटण म्हणाली. "माझाच सराव कमी पडतोय. आणखी दोन तास वाढवते." अगदी खुशीत म्हणाली हो. आणि काळी घेतली.

"आठ दिवसांत बदलून देईन," वेणीवाले म्हणाले. तिला नव्हे, मला.

घरी ती खोलीत बसून तेच तेच वाजवते. हात अडकतो तिथे थांबते, स्वतःलाच "आळशी कुठली" म्हणते आणि पुन्हा सुरू करते. भिंतीपलीकडे मी मशीनवर बसून ऐकते. रोज ठरवते, जेवताना सांगायचं. रोज ताट उचललं जातं.

काल म्हणाली, "आई, गिटारला पिशवी शिवून दे ना. मऊ अस्तराची, नाहीतर ओरखडे पडतील." कारखान्यातून जाड कापड आणलं, आज शिवायला बसले. नाडी ओवताना हातच चालेना. शेवटी तिनेच माझ्या हातातून घेतली, स्वतः ओवली, आणि अस्तर कसं आहे ते बघायला डावा हात कोपरापर्यंत आत घातला.

"हात झोपलाय, उठवायचं नाही," ती म्हणाली आणि हसायला लागली. "हे काय गं? कुठून आठवलं मला?"

उद्या आठवा दिवस.

"काय माहीत," मी म्हटलं, आणि तिने उजव्या हाताने नाडी ओढली.